पटलं नाही, तेही लिही

बारावीच्या पर्यावरण प्रकल्पाची वही उघडली की अनुक्रमणिका न वाचताही सांगता येते: प्रस्तावना, उद्दिष्टे, विषयाचे महत्त्व, कार्यपद्धती, निरीक्षणे, विश्लेषण, निष्कर्ष. 'स्थानिक परिसरातील प्रदूषित क्षेत्राचा अभ्यास' हा तर हमखास विषय. निरीक्षणं बरेचदा मागच्या बॅचच्या वहीतून उतरवलेली असतात. निष्कर्षात माणसाच्या हव्यासाला नावं ठेवायची आणि झाडं लावायचा संकल्प सोडायचा. गुण मिळतात, ज्याच्यावर प्रकल्प लिहिला तो ओढा मात्र कुणी पाहिलेला नसतो.

एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण हा विषय टप्प्याटप्प्याने सक्तीचा करायला सांगितला. विषय वर्गात पोचला हे चांगलंच झालं. पण सक्तीच्या विषयाला अपेक्षित उत्तर चिकटतं, आणि निसर्गाच्या बाबतीत ते उत्तर म्हणजे हळहळ. विद्यार्थ्याला खरोखर काय वाटलं, हे विचारायचं राहूनच जातं.

निसर्गावरचं कसदार पुस्तक हळहळीवर भागू देत नाही. दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' १९५६ साली आलं. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत एकेका महिन्याचं त्यात दर्शन आहे. 'भाषा चित्रमय आहे' हा अभिप्राय परीक्षेपुरता ठीक. पण एखादी विद्यार्थिनी पुस्तक बाजूला ठेवून गावाबाहेरच्या पळसाखाली उभी राहिली, तर तिला वेगळंच काही दिसू लागतं. केशरी पाकळ्यांना धरून ठेवणारा पेला काळपट, मखमली असतो. फुलं भरात असताना फांद्यांवर पानं जवळजवळ नसतात. मैना, शिंजीर, कोतवाल तिथे मधासाठी भांडत असतात. मग तिला शंका येते: यंदा हा पळस लवकर फुलला का? याचं उत्तर एका वर्षात मिळत नाही. म्हणूनच 'सीझनवॉच'सारख्या उपक्रमात देशभरातली शाळकरी मुलं एकच झाड धरून त्याची पालवी, फुलं, फळं आठवड्याच्या आठवड्याला नोंदवतात.

काही पुस्तकं मात्र वाचकाला चक्क अस्वस्थ करतात. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'सत्तांतर'ला १९८३ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वानरांच्या टोळीवर नवा नर कब्जा करतो आणि पिल्लांच्या जिवावर उठतो. 'हे असलं कशाला लिहायचं?' ही तरुण वाचकाची पहिली प्रतिक्रिया अगदी प्रामाणिक असते. ती वहीत जशीच्या तशी उतरली पाहिजे, कारण पुढचा शोध तिथूनच सुरू होतो. लेखकाने हे रचलं की पाहिलं? युकिमारू सुगियामा यांनी १९६०च्या दशकात धारवाडजवळच्या वानरांत हे वर्तन नोंदवलं होतं. सारा हर्डी यांनी अबूच्या वानरांचा अभ्यास करून १९७७ साली पुस्तक लिहिलं. अंगावरचं पिल्लू गेलं की मादी लवकर माजावर येते आणि नव्या नराला स्वतःची संतती वाढवता येते, असं त्यांचं म्हणणं. गर्दीमुळे बिघडलेलं हे वर्तन आहे, असं म्हणणारे अभ्यासकही होतेच. आता किळस मागे पडते आणि प्रश्न उरतो: माणसाची नीती वानराला लावायची का?

सगळ्यात अवघड प्रतिक्रिया असते ती विरोधाची. मारुती चितमपल्ली वनखात्यात आयुष्य घालवलेले लेखक. नवेगावबांध आणि नागझिऱ्याचं रान त्यांनी मराठी वाचकाच्या घरात आणलं. त्यांचं पुस्तक जंगलाला लागून शेती असलेल्या विदर्भातल्या घरातला मुलगा वाचतो, तेव्हा त्याला रोही आणि रानडुक्कर आठवतात. बाप रात्री जागलीला जातो, तरी सकाळी तुरीचा पट्टा आडवा झालेला असतो. भरपाईसाठी अर्ज, मग पंचनामा, मग वाट बघणं. या मुलाने 'रान सुंदर आहे, पण आमच्या तुरीचं काय?' असं लिहिलं, तर त्याला निसर्गद्वेष्टा ठरवणं सोपं आहे.

खरं तर पुस्तकाशी सर्वांत जवळून बोलतोय तो हाच. चितमपल्लींना रान शिकवलं त्यात तिथल्या आदिवासींचा वाटा मोठा. तेव्हा या पुस्तकांत आपल्यासारखी माणसं कुठे दिसतात, हे शोधायचा त्याला पुरता अधिकार आहे. शिक्षकांनी त्या पानावर 'विचार सकारात्मक ठेवा' असा शेरा मारला, तर पुढच्या वेळी तोही मागच्या बॅचची वही मागून आणेल. त्याऐवजी समासात 'डुकरं कोणत्या महिन्यात जास्त येतात? पंचनाम्याला किती दिवस लागले?' एवढं विचारलं, तरी त्याच्याकडे लिहायला पुष्कळ आहे.