वासनेची वहिवाट

महसूल खात्याच्या कारकुनीत आयुष्याची तीन तपे घालविलेल्या माणसाला निवृत्तीनंतरही एक खोड उरते. ती म्हणजे कोणत्याही गोष्टीत मालकी कोणाची आणि वहिवाट कोणाची, हा प्रश्न प्रथम विचारण्याची. सातबाराच्या उताऱ्यावर नाव एकाचे असते आणि जमीन कसतो दुसराच. दप्तरातल्या शाईपेक्षा बांधावरून रोज पडणाऱ्या पावलांना अधिक जोर असतो, हे ज्याने कचेरीत बसून पुष्कळ वर्षे पाहिले, त्याला उतारवयात स्वतःच्या अंतःकरणाचाच उतारा काढून पाहण्याची बुद्धी झाली, तर त्यात नवल नाही. तीस वर्षांपूर्वी मी नामस्मरणाचा नेम घेतला, तेव्हा माझी समजूत अशी होती की, या देहाची मालकी परमेश्वराच्या नावे दाखल केली म्हणजे वासनेची वहिवाट आपोआप खारीज होईल. ती समजूत पुढे ढळली. ती कशी ढळली आणि तिच्या जागी काय आले, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

प्रारंभीची ती समजूत माझी एकट्याची नव्हती. तिला मोठी परंपरा आहे. कठोपनिषदाने इंद्रियांना घोडे म्हटले, मनाला लगाम म्हटले आणि बुद्धीला सारथ्याच्या जागी बसविले. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुन अगदी आपल्या मनातला प्रश्न विचारतो, की इच्छा नसतानाही कोणीतरी बळजबरीने ढकलावे तसा मनुष्य पापाकडे का जातो. आणि भगवंत रजोगुणातून उपजलेल्या कामाकडे बोट दाखवून त्याला वैरी ठरवितात. एवढे वाचून पोथी मिटणाऱ्याला युद्धाखेरीज दुसरा मार्ग दिसत नाही. परंतु त्याच अध्यायात, हातपाय आवरून मनाने विषयांचे चिंतन करीत बसणाऱ्याला भगवंतांनी मिथ्याचारी म्हटले आहे, आणि सातव्या अध्यायात तर धर्माला विरुद्ध न जाणारा काम तो मीच, असे स्वतःच सांगितले आहे. एकाच ग्रंथात वासना शत्रूही आहे आणि विभूतीही आहे. उपनिषदातल्या रथाचाही घोडे मारून टाकल्यावर काही उपयोग नाही, हे ध्यानात यायला मला फार वर्षे लागली.

तोपर्यंत मी घोडे मारण्याच्याच उद्योगात होतो. कांदा-लसूण सोडला, नाटक-सिनेमा सोडला, आणि एका चातुर्मासात चहाही सोडला. त्या चार महिन्यांत चहाचे जितके स्मरण मला घडले, तितके नामाचे घडले असते, तर हा लेख लिहिण्याचे प्रयोजनच उरले नसते. पहाटे जपाला बसलो की शेजारच्या बिऱ्हाडातल्या आल्याचा वास भिंतीतून येई आणि बोटांतला मणी तिथेच थांबे. एके दिवशी आमच्या मंडळींनी पोळ्या लाटता लाटता शांतपणे म्हटले, ‘अहो, तुम्ही चहा सोडलात खरा, पण तो अजून तुम्हांला सोडीत नाही.’ पुढे ज्ञानेश्वरीचा दुसरा अध्याय वाचताना हाच अभिप्राय मला अधिक भारदस्त रूपात भेटला. विषय सुटले तरी त्यांची गोडी मागे उरते, असे गीता म्हणते. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० च्या सुमारास, नेवाशाला त्या वचनाचा विस्तार करताना ज्ञानदेवांनी एका झाडाचा दृष्टांत दिला. वरवर पालवी खुडीत राहायचे आणि खाली मुळाशी पाणी घालीत राहायचे, मग ते झाड वठणार कसे? माझा चातुर्मास हा पालवी खुडण्याचा होता. मुळाला पाणी मात्र मीच, पहाटे उठून, नेमाने घालीत होतो.

दडपून जी जात नाही, ती भोगून तरी जाईल, असे म्हणणाराही एक पक्ष आहे आणि त्याची कैफियत आपल्या पुराणांनी खुल्या मनाने ऐकून घेतली आहे. ययातीने पुत्राचे तारुण्य उसने घेऊन सहस्र वर्षे उपभोग घेतला आणि अखेरीस कबुली दिली ती अशी की, तुपाने जसा अग्नी, तसा भोगाने काम वाढतच जातो. वि. स. खांडेकरांनी १९५९ मध्ये या राजाला कादंबरीचा नायक केले, तेव्हा मराठी वाचकांच्या एका पिढीला त्यात हस्तिनापूरच्या राजापेक्षा आपलाच चेहरा अधिक दिसला. नव्या मुंबईत राहणाऱ्याला तर ययाती परका वाटण्याचे कारणच नाही. आमच्या सीवूड्स-दारावे स्थानकाच्या माथ्यावरच भलाथोरला मॉल उभा आहे; पनवेल लोकलमधून उतरलेला दमलेला मनुष्य घरी पोचण्याआधीच, आपल्याजवळ काय काय नाही, याची सचित्र यादी त्याच्यासमोर उलगडलेली असते. तेथून थोड्या अंतरावर जुन्या दारावे गावाची घरे दाटीवाटीने उभी आहेत. ज्या मुलखात एकाच वळणावर हरिपाठ आणि हप्त्यांच्या जाहिराती दोन्ही कानांवर पडतात, तेथे साधकाला मोहासाठी अरण्यातल्या अप्सरेची वाट पाहावी लागत नाही.

दमन आणि भोग या दोहोंच्या मधली वाट मराठीत ज्यांनी रुळविली, त्यांत पैठणच्या एकनाथांचे नाव मी प्रथम घेईन, कारण ते प्रपंचात राहून बोलत होते. भागवताच्या अकराव्या स्कंधावरची त्यांची टीका १५७३ साली काशीत पुरी झाली. त्या स्कंधातील अवधूताने जे चोवीस गुरू केले, त्यांत पृथ्वी आहे, समुद्र आहे आणि पिंगला नावाची एक वेश्याही आहे. नटूनथटून ती दाराशी उभी राहते, येणाऱ्याजाणाऱ्याकडे आशेने पाहते, आत जाते, पुन्हा बाहेर येते. अर्धी रात्र उलटते, कोणीही येत नाही, आणि त्या वाट पाहण्याचाच तिला असा वीट येतो की, आशा गळून पडते आणि ती सुखाने झोपी जाते. साधकांच्या वाङ्मयात कनक आणि कांता ही जोडी संकटाचे नाव म्हणून शेकडो वेळा येते. ते वाङ्मय बहुतांशी पुरुषांनी लिहिले, एवढेच त्यातून सिद्ध होते. येथे मात्र कांता हीच गुरू आहे, आणि तिने उपास केला नव्हता की देह दंडविला नव्हता. दाराशी आपण किती वेळ ताटकळलो, हे तिने एकदाच डोळे उघडून पाहिले. वासनेला हुसकून लावण्याच्या आधी तिच्याकडे नीट पाहावे लागते, हा धडा मला पिंगलेपासून मिळाला.

समर्थांनी या पाहण्याला पायऱ्या लावून दिल्या. दासबोधाच्या पाचव्या दशकात बद्ध, मुमुक्षू, साधक आणि सिद्ध अशी लक्षणे क्रमाने येतात. ती वाचताना मला कचेरीतल्या हुद्द्यांची आठवण होते. फरक इतकाच की, येथे बढती सेवाज्येष्ठतेने मिळत नाही आणि साधकाच्या खुर्चीवर बसलेला मनुष्य दुपारच्या जेवणापर्यंत पुन्हा बद्ध झालेला असतो. मनाच्या श्लोकांत ते मनाला दटावतात, पण हाक मारतात ती सज्जनाला मारावी तशी. ज्याच्याशी जन्मभर एका घरात नांदायचे आहे, त्याच्याशी बोलण्याची ती रीत आहे. आणि स्वतःच्या मनाला रोज शिव्या घालणाऱ्या माझ्यासारख्याला ती प्रथम दुबळेपणाची वाटली होती.

या सर्वांत माझ्यासारख्या कारकुनाला सर्वांत जवळचे वाटतात ते तुकोबा, कारण त्यांच्या घरी महाजनकी होती, वह्या होत्या, खते होती. दुष्काळाने घर उद्ध्वस्त केल्यानंतर वडिलोपार्जित येण्याची खते भावाशी वाटून घेऊन त्यांनी आपल्या वाटणीची इंद्रायणीत बुडविली, असे परंपरा सांगते. खते बुडाली, पण मन बुडाले नाही, हे त्यांच्या अभंगांवरून स्पष्ट दिसते. मनाची चंचलता, लोकांच्या मानाची सूक्ष्म गोडी, आपण बोलतो तसे आपण नाही ही बोचणी, हे सारे त्यांनी इतक्या उघडपणे नोंदविले आहे की, त्यापुढे आपली दैनंदिनी संकोचाने मिटावी. आणि हेच तुकोबा एके ठिकाणी सांगतात की, काम आणि क्रोध आम्ही विठ्ठलालाच वाहून टाकले. नारदाच्या भक्तिसूत्रांतही असाच उपदेश आहे की, काम, क्रोध, अभिमान करावयाचा तर तो त्याच्याच ठायी करावा. वासनेचा विचार येथे मोठे वळण घेतो. जी हद्दपार करावयाची होती, ती आता नैवेद्याच्या ताटात आली.

विसाव्या शतकाने हाच धागा कर्माकडे नेला. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त टिळकांनी त्याग मागितला तो फलाशेचा, कर्माचा नव्हे, आणि १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी जी प्रवचने दिली व साने गुरुजींनी उतरून घेतली, त्यांत बाहेरच्या कर्माला आतल्या मनाची जोड देण्यास त्यांनी विकर्म म्हटले. दोन्ही ग्रंथ बंदिवासातले आहेत, हा योगायोग मला अर्थपूर्ण वाटतो. बाहेरचे विषय सरकारी हुकुमाने सुटलेले असतानाही या पुरुषांना आतल्या आसक्तीचा निवाडा करावाच लागला.

परंतु ‘वाहणे’ आणि ‘हिरावून घेणे’ यांतला भेद मला ग्रंथांपेक्षा या नगराच्या भूमीने अधिक शिकविला. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांची भातखाचरे, मिठागरे आणि खाजणे संपादनाच्या यादीत आली. नोटिसा निघाल्या, नोंदी झाल्या, कागदोपत्री ताबा गेला. पण ज्यांच्या पिढ्या त्या चिखलात राबल्या होत्या, त्यांच्या मनातला ताबा काही शेऱ्याने गेला नाही. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले, आणि जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या लढ्यात पोलिसांच्या गोळीबाराने पाच जणांचे बळी घेतल्यावर, संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकास परत देण्याचे तत्त्व पुढे मान्य झाले. त्या माणसांच्या दुःखाचा रूपक म्हणून उपयोग करताना मला संकोच होतो. ते दुःख त्यांचे आहे आणि ते माझ्या जपापेक्षा मोठे आहे. तरीही मी त्यांच्याकडून जे शिकलो, ते कबूल केले पाहिजे. संमतीवाचून घेतलेली जमीन शांत राहत नाही. मी माझ्या वासनेकडून चहा, चव, मान हे सारे बळजबरीने संपादन केले होते, मोबदल्याचा विचारही न करता. मग तिने आतल्या आत मोर्चे काढले, यात तिचा अपराध कोणता?

नैवेद्याची रीत याच्या उलट आहे. तेथे सारे ताट देवापुढे जाते, काहीही राखून ठेवलेले नसते, आणि परत येते ते प्रसाद होऊन, पोटापुरते. १५ जानेवारी २०२५ रोजी खारघरला इस्कॉनच्या ज्या मंदिराचे उद्घाटन झाले, तेथील देवाचे नाव राधा-मदनमोहन आहे. मी गर्दी ओसरल्यावर एका दुपारी तेथे गेलो, तेव्हा मूर्तीपेक्षा त्या नावानेच मला अधिक काळ थोपवून धरले. शंकराने मदनाला जाळले, ही एक कथा आहे. आणि हा दुसरा देव मदनालाच मोहित करतो. जळालेला मदन अनंग होऊन सर्वत्र हिंडत राहिला. मोहित झालेल्या मदनाला मात्र हिंडण्याचे कारण उरत नाही. आमच्या परंपरेने वासनेवर जे दोन उपाय योजले, ते या दोन कथांत उभे आहेत, आणि माझी तीस वर्षे पहिल्या कथेकडून दुसरीकडे चालण्यात गेली.

मी तेथे पोचलो, असे मात्र नाही. गेल्या वर्षी मुलाने बोटात घालायचा एक जपगणक आणून दिला. कळ दाबली की आकडा पुढे सरकतो. आठवड्याभरात माझ्या ध्यानात आले की, नामापेक्षा आकड्याची ओढ मला अधिक लागली आहे, आणि बागेतल्या बाकावर शेजारी बसलेल्या गृहस्थांच्या बोटाकडे मी चोरून पाहतो आहे. चहातून हाकललेली वासना जपमाळेच्या दोऱ्यातून आत आली होती. पूर्वीचा मी असतो, तर तो जपगणक त्या दिवशीच खाडीत फेकला असता. आता तसे केले नाही. देवघरात तो देवापुढे ठेवला आणि सांगितले की, हा आकडाही तुझाच, आणि तो वाढावा ही हावही तुझीच.

आज पहाटे माळ अर्ध्यावर असताना स्वयंपाकघरातून आल्याचा वास आला. मणी क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू लागला. जप संपल्यावर मी पेला देवापुढे ठेवला आणि मग घोटाघोटाने प्यालो; मंडळींनी नुसते पाहिले आणि काही म्हटले नाही. गाव नमुना सातमध्ये कब्जेदाराच्या रकान्याखेरीज ‘इतर अधिकार’ असाही एक रकाना असतो. वासनेचे नाव माझ्या उताऱ्यावरून कमी झालेले नाही. ते तेवढे पहिल्या रकान्यातून निघून त्या दुसऱ्यात गेले आहे. हा फेरफार मात्र रोज पहाटे नव्याने प्रमाणित करावा लागतो.