दत्तक, पिंड आणि राज्य

राजा पदच्युत झाला, मुलूख खालसा झाला, किल्ल्यांवर आणि खजिन्यावर परक्यांचे पहारे बसले, आणि तरीही वाड्यात मुद्रा, छत्रचामरे, मोर्चेले आणि कुलदैवतांची नित्यपूजा कायम राहिली, तर त्या कुलाकडे नेमके काय उरले, हा प्रश्न कोणत्याही लुप्तवैभव राजघराण्याविषयी विचारता येईल; परंतु सातारच्या छत्रपतींच्या बाबतीत तो केवळ राजकीय राहिला नाही, कारण तेथे एका प्राचीन गादीचा निवाडा अखेर दत्तकविधानाच्या मूल्यावर, म्हणजे धर्मशास्त्राच्या अंगणात, येऊन ठेपला.

फेब्रुवारी १८१८ मध्ये जनरल स्मिथच्या फौजेने साताऱ्याचा किल्ला घेतला तेव्हा त्यावर प्रथम इंग्रजांचे निशाण चढले, आणि दुसऱ्या दिवशी ते उतरवून त्याच जागी भगवा झेंडा लावण्यात आला. पेशव्यांपासून मराठ्यांची मने फोडण्यासाठी केलेली ही योजना होती, यात शंका नाही. पण पुढील तीस वर्षांच्या वादाचे बीज त्या एका कृत्यात होते. जो ध्वज शिवाजी महाराजांच्या काळापासून कोणाच्या परवानगीवाचून फडकत होता, तो आता परक्याच्या हुकमाने उतरून परक्याच्याच हुकमाने पुन्हा चढला होता. आणि २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने छत्रपती प्रतापसिंह महाराजांच्या ताब्यात जो मुलूख आला, तो ईस्ट इंडिया कंपनीच्या लेखी बक्षीस होता, तर महाराजांच्या लेखी पूर्वजांच्या राज्याचा उरलेला अंश होता.

हा भेद वीस वर्षे दबून राहिला. मग महाराजांवर गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान, नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी पत्रव्यवहार आणि कंपनीच्या पलटणीतील शिपायांना फितविणे, असे आरोप ठेवण्यात आले. त्यांच्या पुराव्यादाखल आलेले कागद बनावट असल्याचे महाराजांचा पक्ष अखेरपर्यंत सांगत राहिला. १८३९ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स कार्नाक स्वतः साताऱ्यास आले आणि त्यांनी तडजोडीचा मसुदा महाराजांपुढे ठेवला: तहाचा भंग आपल्या हातून झाला हे कबूल करून सही करावी, म्हणजे मागचे सारे विसरले जाईल आणि गादी कायम राहील. कागद समोर आहे, गव्हर्नर उत्तराची वाट पाहत आहेत, आणि न केलेल्या अपराधाच्या कबुलीखाली एक मोर्तब केले की राज्य, वाडा, सरंजाम, बंधुभगिनी, सेवक सारे जागच्या जागी राहणार आहे. अशा वेळी महाराजांनी नकार दिला. सप्टेंबरच्या रात्री त्यांना वाड्याबाहेर काढून पालखीतून निंब गावी नेले, तेथून काशीला पाठविले, आणि तेथेच १८४७ मध्ये त्यांचा अंत झाला. मराठ्यांच्या इतिहासात रणांगणावरचे पराक्रम पुष्कळ आहेत. लेखणी हातात न घेण्याचा हा पराक्रम मी त्यांच्या पंक्तीला बसवितो.

गादीवर बसविलेले त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब ५ एप्रिल १८४८ रोजी निवर्तले. मृत्यूच्या अवघे काही तास आधी त्यांनी दत्तक घेतला होता. काशीत प्रतापसिंहांनीही घेतला होता. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांचे मत दत्तक मान्य करावा असे होते; परंतु गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांनी ३० ऑगस्ट १८४८ च्या टिपणात वेगळाच निर्णय दिला. दत्तक पुत्र खासगी मिळकतीचा धनी होईल, पितरांचे श्राद्ध करील. राज्य मात्र सार्वभौम सत्तेच्या संमतीवाचून त्याच्याकडे जाणार नाही. १८४९ च्या आरंभी कंपनीच्या संचालकांनी यावर शिक्कामोर्तब केले आणि सातारा खालसा झाला. आपले धनी प्रतापसिंह यांची फिर्याद घेऊन विलायतेस गेलेले रंगो बापूजी तोपर्यंत लंडनमध्ये अर्ज, पुस्तिका आणि भागधारकांच्या सभा यांत गुंतलेले होते. सुमारे चौदा वर्षे तेथे झगडून ते रिक्त हस्ताने परतले.

डलहौसींनी पुत्राचे दोन तुकडे केले, एक पिंडाचा आणि एक राज्याचा, अशी तक्रार त्या काळापासून आजपर्यंत होत आली आहे, आणि ती ऐकताना आपले मन साहजिकच दत्तकाच्या बाजूने झुकते. जन्मदात्याने हातावर उदक सोडून मूल द्यावे, घेणाऱ्याने त्याच्या मस्तकाचे आघ्राण करून त्याला कुलात घ्यावे, आणि होमानंतर त्या मुलाने औरसाप्रमाणे पिंडोदकाचा भार उचलावा, असा हा विधी आहे. मग त्याला अर्धाच पुत्र कसा मानावा? परंतु येथे धर्मशास्त्राचे म्हणणे भावनेच्या पलीकडे जाऊन ऐकले पाहिजे. मुंबई इलाख्यातील अदालती ज्याला प्रमाण मानीत, तो व्यवहारमयूख नीलकंठभट्टांनी सतराव्या शतकात काशीत लिहिला. त्यांचे कुल मूळचे पैठणचे. दत्तकाच्या अधिकाराचे विवेचन ज्या ग्रंथात आहे, त्याच ग्रंथात स्वत्वाचा विचार करताना नीलकंठ जैमिनीच्या मीमांसासूत्रांतील एका अधिकरणाचा आधार घेतात. विश्वजित यागात यजमानाने सर्वस्व दान करावे असे विधान आहे. तेव्हा सार्वभौम राजा यजमान असेल तर त्याने पृथ्वीही द्यावी काय? सूत्रकारांचे उत्तर नकारार्थी आहे. भूमी सर्वांना सारखीच आहे. राजाचा अधिकार रक्षणाचा आणि त्या रक्षणाबद्दल मिळणाऱ्या करभागाचा आहे, स्वामित्वाचा नव्हे. मुलूख जिंकल्यानेही याहून अधिक काही हाती येत नाही, असे नीलकंठ मानतात.

तेव्हा राज्य हे दत्तकाला मिळावयाच्या धनात मोडत नाही, एवढ्यापुरते डलहौसींचे विधान आपल्या शास्त्राशी जुळते असे प्रथमदर्शनी वाटेल. पण हा न्याय त्यांच्याच दाव्याचा पाया काढून घेतो. जे धन नव्हे ते बेवारस होऊन सरकारजमा कसे होईल? १८१९ मध्ये कंपनीने ज्याचे बक्षीस दिले म्हणतात, ते देण्याचा अधिकार तरी तिच्याकडे कोठून आला? रक्षणाचा भार उचलणारा नाहीसा झाला, तर ज्यांचे रक्षण व्हावयाचे त्या प्रजेला विचारावयाचे, हे अधिकरणाच्या तर्कातून सरळ निघते. आणि त्या वादात साताऱ्याच्या कुणब्याला, बलुतेदाराला कोणीही विचारले नाही. कंपनीने विचारले नाही, हे अपेक्षितच होते. आमच्या पक्षानेही आपली सारी भिस्त रक्त आणि विधी यांच्यावर ठेवली, याचे मला दुःख वाटते.

डलहौसींचा सिद्धांत धर्मावर नव्हे तर सोयीवर उभा होता, याचा पुरावा त्यांच्यामागून इंग्रज सरकारनेच दिला. १८५७ च्या उठावाने हादरलेल्या राजसत्तेने १८६२ मध्ये संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा वाटल्या. पुढे १८७७ च्या दिल्ली दरबारात त्यांना रेशमी निशाणेही मिळाली, आणि रॉबर्ट टेलर नावाच्या बंगालच्या मुलकी अधिकाऱ्याने त्यांवर युरोपीय धर्तीच्या ढाली, आधारप्राणी आणि बोधवाक्ये योजून दिली. खालसा झालेल्या साताऱ्याला त्या मांडवात जागा नव्हती. आणि शिवछत्रपतींच्या मुद्रेचा विचार केला म्हणजे ती नव्हती हेच योग्य वाटते. त्या मुद्रेने कोणाची मेहेरबानी सांगितलेली नाही. आपण लोककल्याणासाठी शोभते, एवढे एकच कारण ती आपल्या अस्तित्वाचे देते. राजचिन्हाने आपले प्रयोजन स्वतःच जाहीर केले असेल, तर ते प्रयोजन ज्याने पाळले त्याच्याकडे ते गेले, असे म्हणावे लागते.

या दृष्टीने पाहता छत्रपतींचे प्रतिनिधिपद ज्या घराण्यात होते, त्या औंधच्या पंतांनी जानेवारी १९३९ मध्ये आपल्या छोट्या संस्थानाचा कारभार ग्रामपंचायतींवर उभारलेल्या राज्यघटनेने प्रजेच्या हाती दिला, ही घटना मला कोणत्याही दत्तकपत्रापेक्षा अधिक प्रमाण वाटते. १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता आणि तनखे संपले. राजकुलांकडे आता देवघर, समाध्यांची पूजा आणि पितरांचे पिंड राहिले आहेत, आणि तो त्यांचा निर्विवाद अधिकार आहे. लोकांनी त्यांना आदराने मुजरा करावा, यातही काही गैर नाही. मात्र सातारच्या गादीवर कोणाचा हक्क, याची चर्चा करू इच्छिणाऱ्याने दोन्ही दत्तकांचे कागद चाळण्याआधी, प्रतापसिंह महाराजांनी ज्याच्यावर सही केली नाही, तो १८३९ चा मसुदा एकदा वाचावा.