आधी ढोल, मग निवाडा

पडद्यावर एक मनुष्य दुसऱ्याला ठार मारतो आणि अंधारात बसलेली आपल्यासारखी शांत, संसारी माणसे टाळ्या वाजवतात. मारणाऱ्याचे कृत्य न्याय्य होते, असा निवाडा त्या टाळीने आपण दिलेला असतो. पण तो नेमका केव्हा दिला, आणि कोणाच्या सांगण्यावरून? हा प्रश्न केवळ करमणुकीचा नाही. यवतमाळ जिल्ह्यातील दारव्ह्यासारख्या, कापसाच्या मुलखातील तालुक्याच्या गावी चित्रपटाचे संगीत चित्रपटगृहापुरते राहत नाही. ते वरातीच्या बँडवर येते, मिरवणुकीत येते आणि घरातल्या दूरचित्रवाणीवरून मुलांच्या तोंडी बसते. म्हणून त्याचा थोडा नैतिक हिशेब मांडणे अप्रस्तुत ठरू नये.

त्यासाठी रोहित शेट्टी यांचे दोन हिंदी चित्रपट घेऊ: 'सिंघम' (२०११) आणि त्याचा पुढचा भाग 'सिंघम रिटर्न्स' (२०१४). मूळ कथा २०१० च्या तमिळ चित्रपटाची. हिंदीत तिचा नायक बाजीराव सिंघम हा मराठी पोलीस अधिकारी झाला. पहिल्या चित्रपटाची गाणी अजय-अतुल या मराठी बंधूंची, शब्द स्वानंद किरकिरे यांचे, तर पार्श्वसंगीत अमर मोहिले यांचे. दुसऱ्याचे पार्श्वसंगीतही मोहिले यांचेच. गाणी मात्र वेगवेगळ्या संगीतकारांकडून घेतलेली. म्हणजे पडद्यामागचा हात बराचसा तोच, नायक तोच, गणवेश तोच. मग फरक कोठे पडला?

पहिल्या चित्रपटाच्या आरंभी खोट्या आरोपाने खचलेला एक प्रामाणिक अधिकारी आत्महत्या करतो आणि त्याची विधवा न्यायासाठी दारोदार फिरते. पुढे सुखविंदर सिंग यांच्या आवाजात नायकाच्या नावाची गर्जना उठते, ढोल घुमू लागतात, तेव्हा ती एका दुःखाला दिलेली हाक वाटते. आपण अन्याय आधी पाहिलेला असतो. संगीत मागाहून येते. दुसऱ्या चित्रपटातही बदनाम झालेल्या निरपराध हवालदाराच्या मृत्यूची कथा आहे. परंतु आता ढोलाला त्या दुःखाची वाट पाहण्याचे कारण उरलेले नाही. नायकाचे पाऊल पडण्याचा अवकाश, नावाचा घोष सुरू होतो. पहिल्या वेळी जी दाद कमवावी लागली, ती दुसऱ्या वेळी गृहीत धरलेली असते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे 'आता माझी सटकली' हे वाक्य. पहिल्या चित्रपटात तो संतापाच्या क्षणीचा उद्गार होता. दुसऱ्याच्या वेळी त्याचे नाचाचे गाणे झाले, आणि ते गाऊन घेतले यो यो हनी सिंग यांच्याकडून. मराठी वाचकाने या वाक्याच्या व्याकरणाकडे जरा लक्ष द्यावे. काय सटकली, ते वाक्यात सांगितलेलेच नाही. क्रियापद स्त्रीलिंगी आहे, एवढाच धागा हाती लागतो. आपण ज्या शब्दाने अंतरीचा साक्षीदार ओळखतो तो शब्द, सदसद्विवेकबुद्धी, हाही स्त्रीलिंगीच आहे. क्रोधाच्या भरात ती हातची सुटणे ही मनुष्याची दुर्बलता. ती समजून घेता येते. पण तिच्या सुटण्यावर ठेका धरायला शिकवणे ही निराळी गोष्ट आहे.

कोणी म्हणेल, ढोलाला कसला दोष? महाराष्ट्रात शौर्य नेहमीच वाद्यांच्या साथीने गायले गेले. अफझलखानाच्या वधावर अज्ञानदासाने पोवाडा रचलाच की! खरे आहे. मात्र शाहीर डफावर थाप मारतो ती घटना घडून गेल्यावर. ऐकणाऱ्याला ती काय होती, का घडली, हे ठाऊक असते. तो मान डोलावील किंवा उठून जाईल. पार्श्वसंगीत घटना घडत असतानाच आपल्या कानाशी बोलते आणि विचाराला उसंत देत नाही.

कानाची ही दुर्बलता फार जुनी आहे. संत ऑगस्टिन यांनी आपल्या 'कन्फेशन्स'च्या सहाव्या भागात अलिपिअस या मित्राची हकीकत दिली आहे. मित्रांनी त्याला रोममध्ये बळेच द्वंद्वयुद्धांच्या आखाड्यात नेले. त्याने निश्चयाने डोळे मिटून घेतले; कान मात्र उघडे राहिले. एक योद्धा पडला, जमावाची आरोळी उठली आणि त्याचे डोळे आपोआप उघडले. मग तो इतरांसारखाच ओरडू लागला, आणि पुन्हा येण्याची ओढ घेऊनच बाहेर पडला.

'सिंघम'चा शेवट आवाज बंद करून पाहावा. दिसते ते इतकेच: शस्त्रधारी गणवेशांचा घोळका एका माणसाभोवती जमतो आणि पोलीस ठाण्यात त्याचा अंत होतो. मुंबई उच्च न्यायालयाचे तत्कालीन न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी २०२३ साली एका जाहीर भाषणात याच शेवटाचा उल्लेख करून अशा चित्रपटांतून घातक संदेश जातो, असा इशारा दिला होता.

टाळी वाजवणारा क्रूर असतो असे नव्हे. पुष्कळदा तो तारखांमागून तारखा घेऊन थकलेला असतो. त्याचे गाऱ्हाणे खरे आहे आणि ते न ऐकता त्याला उपदेश करणे योग्य नाही. पण त्या थकव्याचे पर्यवसान कशात होते? ६ डिसेंबर २०१९ रोजी हैदराबादजवळ, एका तरुण पशुवैद्य स्त्रीवरील अत्याचार व खून प्रकरणातील चारही आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मारले गेले. लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. सर्वोच्च न्यायालयाने चौकशी आयोग नेमला. अध्यक्ष होते नागपूरला वकिली केलेले निवृत्त न्यायमूर्ती विकास सिरपूरकर. २०२२ साली त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. जीव घेण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या गेल्या, चौघांपैकी तिघे अल्पवयीन होते, आणि दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालावा, असे आयोगाने नमूद केले. त्या स्त्रीवरील अत्याचाराची भीषणता याने तिळभरही कमी होत नाही. मात्र खटला चालून खरे-खोटे ठरण्याची वाट कायमची बंद झाली.

त्या पहाटे तेथे ढोल नव्हता. तरीही फुले उधळणारे हात तयार होते, कारण ठेका मनात आधीच बसलेला होता. म्हणून घरात असे चित्रपट लागले की ते बंदच करावेत, असे मी म्हणणार नाही. मुले ते अन्यत्र पाहतीलच. शेवटच्या प्रसंगाला आवाज तेवढा बंद करावा, आणि मुलांना विचारावे, "आता काय दिसते?" उत्तर त्यांना देऊ द्यावे, आणि आपणही द्यावे.