पिंजऱ्यांतला उंदीर कोठें सोडावा?

गेल्या श्रावणांत आमच्या स्वयंपाकघरांत उंदीर शिरला. गोष्ट इतकी सामान्य आहे कीं, मासिकाचीं दोन पानें तिच्यावर खर्चावीं असें कोणास वाटणार नाहीं. परंतु त्या क्षुद्र प्राण्यानें आमच्या घरांत जो वाद उपस्थित केला तो अद्याप मिटलेला नाहीं. आणि पंचवीस वर्षें विद्यार्थ्यांस नीतिशास्त्र शिकवूनहि त्यांत आम्हांस धड बाजू घेतां आली नाहीं, म्हणून हा प्रपंच.

आमच्या आळींत उंदीर मारीत नाहींत. पिंजऱ्यांत भज्याचा तुकडा लावून त्यास पकडतात, आणि पहाटे ओढ्यापलीकडे नेऊन सोडून देतात. आम्हींहि तेंच केलें. पिंजऱ्याचें दार उचलतांच तो गवतांत दिसेनासा झाला, आणि परततांना मनास जी प्रसन्नता वाटली ती, खरें सांगावयाचें तर, पूजा आटोपल्यावरहि क्वचितच वाटते. गणपतीच्या वाहनास जीवदान दिलें, हिंसा टळली आणि घरहि निर्वेध झालें. एका खेपेंत तीन लाभ!

आठ दिवसांनीं आमच्याकडे धुण्याभांड्यास येणाऱ्या बाई उशिरां आल्या. रात्रीं निजलेल्या नातवाच्या पायाचा अंगठा उंदरानें कुरतडला होता. त्यास दवाखान्यांत नेऊन धनुर्वाताची सुई देऊन आणलें होतें. आमच्या घरच्या मंडळींनीं हळहळ व्यक्त केली. तेव्हां बाई भांडीं घासतां घासतां सहज म्हणाल्या, "ओढ्याकांठीं राहतों ना आम्ही, वहिनी. इकडचे सगळे उंदीर तिकडेच येतात." बोलण्यांत रोख नव्हता. आमचा पिंजरा त्यांना ठाऊक होता कीं नव्हता, हें विचारण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं.

चावला तो आमचाच उंदीर, हें सिद्ध करणें अशक्य आहे. प्राध्यापकास हा बचाव तत्काळ सुचतो. पण वर्षभरांत आमच्या आळींतून किती पिंजरे ओढ्यापलीकडे रिकामे होत असतील! प्रत्येक घर 'तो आमचा नव्हे' म्हणूं लागलें, तर उंदीर कोणाचाच राहत नाहीं. मुलाचा अंगठा मात्र त्या मुलाचाच राहतो. आम्ही जिला भूतदया समजत होतों ती केवळ हद्दपारी होती, आणि तिचा खर्च आमच्याहून गरीब माणसाच्या नांवावर पडत होता.

समोरचे इंजिनिअर गृहस्थ म्हणतात, "सर, विष घाला आणि मोकळे व्हा." हें मोकळें होणेंहि तपासून पाहिलें पाहिजे. 1948 सालीं अमेरिकेंत वॉर्फरिन हें उंदरांचें विष म्हणून आलें. त्यानें रक्त गोठत नाहीं, आणि प्राणी आंतल्या आंत रक्तस्राव होऊन कांहीं दिवसांनीं मरतो. मृत्यु उशिरां येत असल्यामुळें उंदरास खाण्याचा संशय येत नाहीं. घालणाऱ्यासहि त्याचें मरण पाहावें लागत नाहीं, हा त्यांतला दुसरा सोयीचा भाग. अशा जातीचीं विषें उंदीर खाणाऱ्या घुबडाच्याहि पोटांत जातात. उंदीर चिकटवावयाचा पुठ्ठा तर त्याहून क्रूर. इंग्लंडांत 2022 च्या कायद्यान्वयें 31 जुलै 2024 पासून सामान्य गृहस्थास तो वापरण्याची बंदी झाली. मुंबईंत रात्रीं हिंडून उंदीर मारणारे महानगरपालिकेचे लोक आहेत. त्यांच्या हातून आमचें काम होतें, आणि पाप मात्र त्यांचें, असा आमचा हिशेब! म्हणजे सोडणारा काय आणि मारविणारा काय, दोघांसहि डोळ्यांआड व्हावयास हवें असतें.

आणि उंदीर घरापुरता नसतो, हें तर या प्रांतानें फार मोठी किंमत देऊन जाणलें आहे. 1896 सालीं मुंबईंत आणि पुढच्याच वर्षीं पुण्यांत प्लेगनें थैमान घातलें. सरकारनें घरें झडलीं, माणसें हलविलीं. परंतु 1898 सालीं कराचींत सिमों या फ्रेंच वैद्यानें प्रयोगानें दाखविलें कीं, रोग उंदराच्या अंगावरील पिसू नेते. उंदीर मेला कीं पिसू ऊब शोधीत दुसऱ्या देहावर जाते. तो देह कोणत्या आळींतला, हें ती पाहत नाहीं. आजहि उंदराच्या मूत्रानें दूषित झालेल्या पावसाच्या पाण्यांतून लेप्टोस्पायरोसिस होतो. आणि त्या पाण्यांतून अनवाणी कोण चालतें, तें सांगावयास नकोच.

मारावा कीं सोडावा, हा आमचा प्रश्न मुळांत उशिराचा आहे. आधींचा प्रश्न, त्यास जेवावयास कोणीं बोलाविलें? मादी सुमारें तीन आठवड्यांत विते, आणि एका वेतांत सहा-आठ पिलें देते. परंतु खाणें नसेल तर हा वंशविस्तार होत नाहीं. त्या दृष्टीनें आम्हीं घर पाहिलें. मोरीच्या नळाभोंवतीं मूठभर भोंक. रात्रभर उघडा राहणारा केराचा डबा. आणि गाईच्या नांवानें भिंतीवर ठेवलेल्या शिळ्या पोळ्या, ज्यांकडे गाय महिनोन्महिने फिरकली नव्हती. भोंक आम्हीं सिमेंटनें बुजविलें. डब्यास झांकण आलें. पोळ्यांचा वाद घरांत चार दिवस चालला. तो येथें सांगत नाहीं.

एवढें करूनहि एखादा येणारच, आणि मग मारणेंच प्राप्त झालें तर तें एका झटक्यांत मान मोडणाऱ्या सापळ्यानें, व आपल्या देखत व्हावें, असें आमचें मत बनलें आहे. मत बनणें निराळें.

काल रात्रीं पिंजऱ्याचें दार पुन्हां पडलें. हें लिहीत असतां तो आंत फिरत आहे, आणि तारेवर त्याचीं नखें वाजत आहेत. बाई यावयाची वेळ झाली. ओढ्याकडे जावयाचें नाहीं, एवढें मात्र ठरलें आहे.