कारा समुद्र आणि सोयाबीनची बनीम

लातूरच्या हुशार पोराने ‘नीट’ची परीक्षा न देता समुद्रविज्ञान घेतलं, तर नातेवाइकांची पंचाईत होते. लग्नात कुणीतरी विचारतंच : काय करतो? समुद्रावरच्या बर्फाचा अभ्यास. कुठल्या? उत्तर ध्रुवाकडच्या. तिकडं असतो का मग? नाही, गोव्यात.

गोव्यात म्हणजे वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रात. नव्या संशोधकाची तिथली बर्फाशी पहिली ओळख बहुधा आकड्यांतूनच होते. ध्रुवावर हिवाळाभर रात्र, उन्हाळ्यात ढग. साधा फोटो काय कामाचा? म्हणून उपग्रह सूक्ष्मलहरी मोजतो. बर्फ त्या जास्त सोडतो, उघडं पाणी कमी. ही नोंद 1978 च्या अखेरीपासून चालू आहे. नकाशाचा एकेक चौकोन 25 किलोमीटरचा, लातूर-औसा अंतराहून थोडा मोठा. त्यात 15 टक्क्यांहून कमी बर्फ असला, तर तो चौकोन समुद्रात जमा. यातही फसगत आहेच. उन्हाळ्यात बर्फावर वितळलेलं पाणी साचतं आणि उपग्रहाला ते समुद्रासारखंच दिसतं. नोंदीच्या पहिल्या वर्षांत सप्टेंबरचा बर्फ भारताच्या क्षेत्रफळाच्या दुपटीएवढा असायचा. 2012 च्या सप्टेंबरात तो 34 लाख चौरस किलोमीटरवर आला, म्हणजे जेमतेम भारताएवढा.

आता सप्टेंबर म्हटला की आपल्याकडं काळजात धस्स होतं. सोयाबीन काढणीला आलेलं, नाहीतर कापून बनीम म्हणजे ढीग लावून झाकलेलं, आणि वरून धो धो. 2021 चा सप्टेंबर आठवा, 2025 चा आठवा. मांजरा, तेरणा, गोदावरी पात्र सोडून शिवारात शिरल्या; शेंगांना झाडावरच कोंब फुटले.

याच वास्कोच्या केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी नॉर्वेतल्या सहकाऱ्यांसोबत 2021 मध्ये एक निबंध छापला. रशियाच्या उत्तरेला कारा समुद्र आहे. उन्हाळ्यात तिथला बर्फ फार कमी झाला, की उघड्या पाण्यातली उष्णता हवेत जाते, वायव्य युरोपवर हवेचा दाब चढतो, तिथून वातावरणाच्या वरच्या थरात लाटा उठून आशियापर्यंत येतात. त्यात अरबी समुद्र तापलेला असला, तर मध्य भारतात सप्टेंबरअखेर अतिवृष्टी होऊ शकते. होऊ शकते, एवढंच. निबंधाच्या शीर्षकातच ‘संभाव्य’ असं लिहिलंय.

असा संशोधक गावी फोन करतो, तेव्हा वडील विचारणारच, “मंग आपलं सोयाबीन त्या बर्फानंच नेलं म्हण की!” इथं ‘हो’ म्हणायला काय जातं? वर्तमानपत्राला मथळा मिळतो, गावात नाव होतं. पण त्याच्या हातात चाळिसेक सप्टेंबरांची नोंद आहे, आणि एकट्या 2025 च्या पावसाला बर्फ कारण होता असं त्यावरून ठरत नाही. “तसं ठामपणे सांगता येत नाही, अण्णा,” हे उत्तर ऐकायला मिळमिळीत. मला मात्र त्यात शेतकऱ्याबद्दलचा आदर दिसतो. ठाम अंदाजांवर दुबार पेरणी केलेली माणसं आहेत ही.

आणि ही नोंदही कुणाच्या तरी मर्जीवर चालते. 2025 मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने जुन्या उपग्रहांची माहिती बंद करण्याचं जाहीर केलं. बर्फाचा हिशेब ठेवणाऱ्यांना जपानी उपग्रहाकडं वळावं लागलं. दोन यंत्रांचे आकडे जुळवत बसणं हे कंटाळवाणं काम. ते सहसा नव्या पोरांच्याच वाट्याला येतं.

उद्या बर्फ-पावसाचा हा संबंध पक्का ठरला, तर ऑगस्टातला बर्फ पाहून सप्टेंबरअखेरच्या पावसाचा इशारा काही आठवडे आधी देता येईल. वाण बदलायला तेव्हा उशीर झालेला असेल, पेरणी जून-जुलैतच उरकते. पण ताडपत्री घ्यायला, मजूर सांगून ठेवायला आणि मळणीयंत्राचा नंबर लावायला तेवढे दिवस पुरतात.