आधी शेजाऱ्याचा द्रोण

स्वतःच्या तब्येतीसाठी निवडून-पारखून खाणं हा धर्म, की नुसते देहाचे लाड? पेणला आमच्या गीतावाचनात हा प्रश्न निघाला, कारण आमच्यापैकी बहुतेकींना डॉक्टरांनी बजावलंय: ताटात रोज वेगवेगळ्या रंगांच्या भाज्या आणि फळं हवीत. प्रश्नाचं मूळ गीतेतच आहे. सतराव्या अध्यायात सात्त्विक आहार सांगितला तो आयुष्य, बळ, आरोग्य वाढवणारा. तिसऱ्या अध्यायात मात्र बजावलंय की, जो फक्त स्वतःसाठी रांधतो त्याच्या पोटात पापच जातं. दोन्ही वचनं खरी मानायची तर ती एका ताटात बसली पाहिजेत.

आधी देहाचं पाहू. लाल माठात लोह आणि फोलेट असतं. भोपळ्याच्या, पपईच्या केशरी रंगातल्या कॅरोटीनपासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं, आणि त्यावर डोळे सांभाळले जातात. जांभळाला आणि पिकल्या करवंदाला काळपट जांभळेपणा देतात ती अँथोसायनिन्स. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला निदान 400 ग्रॅम फळं-भाज्या खायला सांगते. पण मला यातली वेगळीच गोष्ट मोलाची वाटते. माठातलं लोह नीट अंगी लागायला लिंबाची साथ लागते, कॅरोटीनला तेलाची. एकट्याने पुरतं पोषण करणारा रंगच नाही.

झाडाने तरी हे रंग कोणासाठी केले? जांभूळ काळंभोर होतं ते पाखरांना बोलावण्यासाठी. पाखरू गर खातं, बी दूर नेऊन टाकतं. फळाचा रंग हा देण्याघेण्याचा करार आहे, आणि त्यात माणूस फार उशिरा आला. तिसऱ्या अध्यायातलं यज्ञाचं चक्र, म्हणजे घेतलेलं परत देत राहणं, मला जांभळाच्या झाडाखाली जितकं कळतं तितकं टीकाग्रंथांत कळत नाही.

ते चक्र जगून दाखवणारी माणसं आमच्याच मातीतली. पेण तालुक्यातलं गागोदे हे विनोबांचं जन्मगाव, साल 1895. त्यांच्या घरी फणस होता. तो पिकला की आई गऱ्यांचे द्रोण भरायची आणि मुलांच्या हाती शेजारच्या घराघरांत पाठवायची. ते वाटून झाले की मगच मुलांना गरे मिळायचे. मुलांच्या तोंडचा फणस तिने काढून घेतला नाही, फक्त क्रम लावून दिला. पुढे 1951 मध्ये भूदान मागत निघालेल्या विनोबांमध्ये मला तो क्रम दिसतो.

माझं माहेर रोह्याचं. पांडुरंगशास्त्री आठवल्यांचा जन्म तिथला, 1920 चा. त्यांनी सुरू केलेल्या योगेश्वर कृषीत माणसं शेतावर पुजारी म्हणून राबतात. पीक कोणा एकाचं नसतं, देवाचं असतं, आणि त्यातून गरजवंताच्या घरी धान्य जातं. कष्टाचा असा हिशेब ऋषीपंचमीच्या भाजीतही आहे. अळू, माठाचे देठ, भोपळा, सुरण, पडवळ, मक्याचं कणीस असं सगळं एका पातेल्यात शिजतं, पण त्यात बैलाच्या कष्टाचं काही चालत नाही. आपल्या घासामागे कोण राबलं, हे निदान एक दिवस विचारावंच लागतं.

मी ते पावसाळाभर विचारते. डोंगरातल्या वाड्यांवरून कातकरी बाया टाकळा, कुर्डू, कंटोली घेऊन बाजारात बसतात. पहाटे रान तुडवून आणलेला वाटा असतो तो. मी भाव पाडत नाही आणि "घरी पोरांना ठेवलीस का गं?" असं विचारल्याशिवाय उठत नाही. कधी "हो" येतं, कधी ती नुसती हसते. आम्ही वाचनाच्या बायका मिळून वाडीवरच्या अंगणवाडीत पपई, पेरू, केळी पोचवतो. उपकार म्हणून नव्हे, त्यांच्या रानाचे रंग आम्ही रोज खातो म्हणून.

देह सांभाळणं धर्मच आहे, कारण दुबळ्या देहाने कोणाची सेवा होत नाही. पण ज्या वाडीवरून रंग माझ्या ताटात येतात, तिथल्या पोराच्या ताटात ते पोचावेत ही जबाबदारीही त्यांच्यासोबत येते. ती उचलली तर सतरावा अध्याय माझ्या बाजूने आहे. टाळली, तर तिसऱ्यातलं ते कठोर वचन माझ्यासाठीच आहे.