हक की एहसान?

आमच्या कोल्हार परिसरातील वयस्क मंडळींमध्ये 1972 च्या दुष्काळाचा विषय निघाला, की 'मिलो' आणि 'सुकडी' हे दोन शब्द हमखास येतात. मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली लालसर ज्वारी. सुकडी म्हणजे दुष्काळी कामावरच्या मजुरांना मिळणारा कोरडा, गोडसर खाऊ. ज्यांनी हे खाल्ले ते त्याला नावे ठेवतात आणि त्याच दमात सांगतात, की त्यामुळेच लेकरे जगली. पोट भरले, पण मान खाली गेली. परदेशी मदतीविषयीचा सारा वाद या दोन वाक्यांत आला आहे, असे मला वाटते.

हा वाद आज पुन्हा ऐरणीवर आहे. श्रीमंत राष्ट्रांनी आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.7 टक्के रक्कम गरीब देशांच्या विकासासाठी द्यावी, असा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 1970 साली केला. म्हणजे शंभर रुपयांमागे 70 पैसे. त्याला अर्धशतक उलटून गेले. 2024 साली श्रीमंत देणगीदार राष्ट्रांची सरासरी 35 पैशांच्याही आत होती. नॉर्वे, लक्झेंबर्ग, स्वीडन आणि डेन्मार्क या चारच देशांनी तो शब्द पाळला होता. ब्रिटनने 2015 साली 0.7 टक्क्यांचा कायदा केला, 2021 साली मदत 0.5 वर आणली आणि 2025 साली ती 2027 पर्यंत 0.3 वर नेण्याचे जाहीर केले. अमेरिकेने तर 1961 साली स्थापन केलेली आपली मदतसंस्था 'यूएसएड' जुलै 2025 मध्ये बंदच केली. तिच्या पैशांवर आफ्रिकेत दवाखाने चालत होते, एड्सच्या रुग्णांना रोजची गोळी मिळत होती. गोळी बंद झाली तर काय होते, हे सांगायला तत्त्वज्ञ लागत नाही.

मग श्रीमंत राष्ट्रांनी जास्त द्यावे काय? माझे उत्तर 'होय' असे आहे. परंतु किती द्यावे याइतकाच, द्यायचे ते कोणत्या नात्याने, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

आपल्याला हा प्रश्न नवा नाही. जकात देणारा गरिबावर उपकार करीत नाही. त्याच्या संपत्तीत गरजूचा ठरलेला हक आहे, तो हक तो पोहोचवतो, एवढेच. वर्षभर साठून राहिलेल्या संपत्तीवर चाळीस रुपयांमागे एक रुपया, म्हणजे अडीच टक्के. जकात साठवणीवर असते आणि राष्ट्रांचे 0.7 टक्के उत्पन्नावर, तेव्हा या दोन आकड्यांची थेट तुलना करता येणार नाही. पण एक गोष्ट घेता येते. जकातीचा दर देणाऱ्याच्या लहरीवर सोडलेला नाही. आज मन प्रसन्न आहे म्हणून दिले, उद्या रुसलो म्हणून हात आखडला, असे तिथे चालत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो 'आधी आपल्या घरचे पाहा' हा. तो अगदीच टाकाऊ नाही. हजरत मुआज (रजि.) यांना येमेनला पाठवताना प्रेषितांनी (स.) तेथील श्रीमंतांकडून घेऊन तेथीलच गरिबांना देण्यास सांगितले होते. जवळच्याचा अधिकार पहिला, हे खरे. पण फिकहच्या जाणकारांनी हेही म्हटले आहे, की दुसऱ्या गावची गरज अधिक मोठी असेल, तर जकात तिकडे नेता येते. शेजारी अर्धपोटी असेल आणि लांबचा माणूस मरणाच्या दारात असेल, तर अंतर मोजत बसणे ही माणुसकी नव्हे. शिवाय शंभरातले 70 पैसे दिल्याने घरच्यांच्या तोंडचा घास जात नाही. घरचे उरलेले नव्याण्णव रुपयांहून अधिक शिल्लक राहतातच.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मदत ही देणाऱ्याच्याच फायद्याची असते, असे तो सांगतो. आपल्या देशाने याचा अनुभव घेतला आहे. अमेरिकेच्या 1954 च्या 'पीएल 480' कायद्याखाली आपल्याकडे जो गहू आला, तो तेथील शेतकऱ्यांचा शिलकी गहू होता आणि किमान निम्मे धान्य अमेरिकी जहाजांतूनच वाहावे, असा तेथला नियम होता. 1965-66 साली आपल्याकडे पाऊस हुकला, तेव्हा अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी गव्हाची जहाजे महिन्या-महिन्याच्या हिशेबाने सोडली. भारताने शेतीचे धोरण बदलावे, असा त्यांचा आग्रह होता आणि व्हिएतनामच्या युद्धावर आपण केलेली टीकाही त्यांना खुपत होती. भुकेल्याच्या ताटावर हात ठेवून त्याचे मत बदलायला लावणे, याला दान म्हणत नाहीत. दानानंतर उपकाराची आठवण करून देणे आणि मन दुखावणे यामुळे ते दान वाया जाते, ही कुरआनाची शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. हनफी फिकहमध्ये तर जकातीसाठी 'तमलीक'ची अट आहे. दिलेल्या वस्तूचा घेणारा पुरता मालक झाला पाहिजे. देणाऱ्याची दोरी तिला बांधलेली राहता कामा नये.

मग अशी परदेशी मदत कुठे असते काय? आमच्याच अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्यात तिचे एक उदाहरण आहे. प्रवरेच्या कालव्यांवर ऊस पिकवणाऱ्या आमच्या भागापासून फार लांब नसलेल्या संगमनेर तालुक्यात, पर्जन्यछायेत दरेवाडी हे गाव आहे. तिथे शेती तीन-चार महिने, आणि पुढे लोक पोटासाठी बाहेर. 1990 च्या दशकात जर्मन सरकारच्या पैशांतून 'इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम' आला. त्यामागे स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले आणि उभे आयुष्य या जिल्ह्यातील शेतकऱ्यांसाठी वेचलेले धर्मगुरू हर्मन बाखर यांची कळकळ होती. नाबार्ड आणि 'वॉटर' ही संस्था यांच्यामार्फत काम चाले. गावाने आपली पाणलोट समिती निवडायची, श्रमदान करायचे, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळायची. बांधबंदिस्ती झाली, झाडे लागली, विहिरींना पाणी आले. तीन-चार महिन्यांचे शेतीकाम नऊ-दहा महिन्यांवर गेले.

अटी येथेही होत्या. पण अट कोणाच्या भल्याची, हे पाहावे लागते. जहाज अमेरिकेचेच हवे, ही अट देणाऱ्याच्या भल्याची. डोंगरावर कुऱ्हाड चालवू नका, ही अट घेणाऱ्याच्या भल्याची. अर्थात येथेही सारे सुरळीत नव्हते. चराईबंदीचा फटका आधी मेंढपाळांना बसला आणि वाढलेल्या पाण्याचा लाभ ज्याला जमीन त्याला अधिक झाला. म्हणजे मदत गावाच्या वेशीपर्यंत पोहोचली तरी शेवटच्या घरापर्यंत तिला न्यावेच लागते. जकातीच्या आठ हकदारांत फकीर आणि मिस्कीन यांची नावे सर्वांत आधी येतात, ती उगाच नव्हे.

'जास्त देणे' आणि 'मान राखून देणे' यांची सांगड महाराष्ट्राने घालून दाखवली आहे. त्याच दुष्काळाच्या काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजना सुरू झाली आणि 1977 साली तिचा कायदा झाला. तिच्या खर्चासाठी 1975 पासून व्यवसाय कर लावण्यात आला. आमच्यासारख्या शिक्षकांच्या पगारातून दरमहा 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापले जातात, ते याच कराचे. हा कर भरताना मी कुणा मजुरावर मेहेरबानी करतो, असे माझ्या मनात येत नाही. खडी फोडणाऱ्या बाईनेही माझ्यापुढे कधी हात पसरला नाही. तिने काम मागितले आणि कायद्याने तिला हक दिला. आमच्या दोघांमध्ये कायदा उभा आहे, म्हणून दोघांचीही मान ताठ आहे.

राष्ट्राराष्ट्रांत नेमका हाच कायदा नाही. 0.7 टक्के हे फक्त वचन आहे आणि वचन मोडणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही. श्रीमंत देशांनी जास्त द्यावेच. पण ते ठरलेले असावे, वेळेवर यावे आणि निवडणुकीच्या वाऱ्याबरोबर आटू नये. तेव्हाच घेणारा देश पुढच्या वर्षीच्या दवाखान्याचा विचार आज करू शकेल.

हे त्यांना सांगताना आपणही आरशात पाहिले पाहिजे. आपला देश आता भूतान, नेपाळ, मालदीव यांना मदत देतो. देणाऱ्यांच्या रांगेत तो उभा आहे. आपल्या गावांत रमजानमध्ये रेशनच्या पिशव्या वाटल्या जातात आणि पिशवी घेणाऱ्या बेवेचे छायाचित्र काढले जाते. ते छायाचित्र आणि महिन्या-महिन्याने सोडलेले गव्हाचे जहाज, यांत फरक आहे तो केवळ आकाराचा. श्रीमंत राष्ट्रांकडून हक मागणाऱ्या समाजाने आपल्या दारात आलेल्यालाही तो हक म्हणूनच द्यायला हवा.